ललिता कर्णुक जेवायला जातात

कर्जतच्या बाजारपेठेत आमच्या छापखान्याची एक खोली आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं हा खरा धंदा. दर शुक्रवारी निघणारं चार पानांचं साप्ताहिक हा वडिलांनी मागे ठेवलेला नाद. त्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर, खाली उजवीकडे, गेली तीन-साडेतीन वर्षं 'ताटात काय?' नावाचं एक छोटं सदर येतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या साध्या खाणावळी, ढाबे, टपऱ्या, घरी जेवण करून देणाऱ्या बायका. एका वेळी एकच ठिकाण आणि तिथला एकच पदार्थ. खाली नाव नाही, फक्त 'एक गिऱ्हाईक'.

लोक आमचं साप्ताहिक कशासाठी घेतात ते मला ठाऊक आहे. पहिल्या पानावरचे वाढदिवसाचे फोटो आणि तिसऱ्या पानावरचं हे सदर. हे गिऱ्हाईक कोण, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. कुणी म्हणालं, एखादा रिटायर मास्तर असणार. कुणी म्हणालं, संतोषभाऊ, तुम्हीच लिहिता, उगाच लपवताय. एखादी बाई असेल, असं मात्र एकानंही म्हटलं नाही.

आता नाव सांगायला त्यांची हरकत नाही, म्हणून सांगतो. त्या ललिता कर्णुक. खोपोलीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय सत्तावन्न. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा ट्रंक कॉल होते. नोकरी सोडली तेव्हा लोक घरचे फोन परत करायला काउंटरवर रांग लावत होते. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात आई होती, चंद्राबाई. वडील लवकर गेल्यावर तीस वर्षं या दोघीच.

आईची एक सवय होती. ललिताताई ड्यूटीवरून घरी आल्या, चप्पल काढली, की आई विचारायची, "आज कुणाच्या डब्यात काय होतं गं?" ऑफिसात सात-आठ बायका एकत्र जेवायच्या. मग ललिताताई हातपाय धुता धुता सांगायच्या. अमकीनं वांगं आणलं होतं, पण भरलेलं नाही, कापलेलं. तमकीच्या चपात्या आज जाड होत्या, म्हणजे सासूनं केल्या असणार. आई जास्त कुठे बाहेर पडत नसे. लेकीच्या तोंडून ती सात घरची जेवणं जेवायची.

शेवटच्या दोन वर्षांत आईला गिळता येईना. मऊ भात, मुगाचं पाणी, पेज. तरी प्रश्न चुकला नाही. ललिताताईंची नोकरी तोवर सुटली होती, डबे संपले होते. मग त्या मनानं रचून सांगायच्या. "आज शेजारच्यांकडे कोथिंबीर वडी होती," वगैरे. आईला कळत असावं. ऐकून घ्यायची.

आई गेल्यावर महिनाभर त्या दोघींच्या मापानं भात लावत राहिल्या. मग एका रविवारी स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. खोपोलीहून शेअरची इको गाडी पकडली आणि जुन्या हायवेला चौकला उतरल्या. ट्रकवाले थांबतात असा एक ढाबा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या एकट्या हॉटेलात जेवायला गेल्या. दारातल्या म्हाताऱ्या वेटरनं मागे बघितलं, अजून कुणी येतंय का म्हणून. मग म्हणाला, "ताई, तुमी फॅमिलीत बसा." फॅमिलीत म्हणजे पडद्याआडच्या खोलीत. तिथे आठ खुर्च्यांचं टेबल होतं. पंखा लावून, पडदा ओढून तो निघून गेला. त्या आठ खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर बसून ललिताताईंनी अख्खा मसूर आणि दोन रोट्या खाल्ल्या.

"मसूर फार चांगला होता हो," त्या मला पुढे म्हणाल्या. "घरी येऊन चप्पल काढली आणि कुणी काही विचारलंच नाही. म्हणून लिहून ठेवलं."

असे दहा-बारा रविवार झाले. मग त्यातली दोन पानं घेऊन त्या आमच्या छापखान्यात आल्या. रेघांच्या वहीची पानं, सरळ गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही. मला वाटलं, श्रद्धांजलीची जाहिरात द्यायला आल्या असतील. मी उभ्यानंच वाचायला घेतलं. चौकच्या मसुरावर लिहिलं होतं: "मसूर फुटलेला नाही आणि कच्चाही नाही. दाताखाली आला की जरासा थांबतो आणि मग विरतो. फोडणीला लसूण आधी पडला आहे, कांदा नंतर. उलट झालं असतं तर हा वास आला नसता." मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

त्यांच्या अटी दोनच होत्या. नाव द्यायचं नाही. आणि वाईट जेवण मिळालं, तर त्या ठिकाणावर लिहायचंच नाही. "गरीब माणसाचा चुलीवरचा धंदा असतो. मला नाही आवडलं तर मी परत जाणार नाही. ते पेपरात कशाला?"

तेव्हापासून दर मंगळवारी त्यांचं पान येऊ लागलं. आधी टपालानं, नंतर मोबाइलवर फोटो काढून. आमची भेट वर्षातून तीन-चारदा. पण त्यांच्या मजकुरावरून मला कळायचं, या रविवारी त्या खालापूरला कचेरीसमोर वाटाण्याची उसळ खायला गेल्या, त्या रविवारी पळसदरीच्या रस्त्याला. त्या लोकांबद्दल लिहीत नसत, पदार्थाबद्दल लिहीत. त्यामुळे त्या ताटासमोर एकट्याच बसल्या आहेत, हे वाचणाऱ्याला जाणवायचं नाही. मलाही जाणवलं नाही.

खोपोलीच्या शिळफाट्यावर पोशा भोईरांचं छोटं हॉटेल आहे, पाच टेबलांचं. तिथल्या सुक्या जवळ्याच्या चटणीवर त्यांनी लिहिलं: "जवळा तव्यावर कोरडा भाजला जात असतो तेव्हा त्याचा वास रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलपर्यंत जातो. स्टॉपवर उभी असलेली माणसं एक गाडी सोडून देतात." पोशाशेठनं ते कात्रण प्लास्टिकमध्ये बंद करून गल्ल्यामागे भिंतीवर लावलं. दोन महिन्यांनी ललिताताई पुन्हा गेल्या, तेव्हा त्यानं त्यांना ते मुद्दाम दाखवलं.

"ताई, वाचा ह्ये. पेपरात आलंय आपल्याबद्दल."

ललिताताईंनी स्वतःचंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. "अरे वा," म्हणाल्या. "छान लिहिलंय."

"कोण हाय काय माहीत. पन मानसाला कळतंय बघा खायचं."

मी त्यांना म्हटलं, "सांगायचं होतंत ना त्याला!" त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर पुढच्या वेळी मला वेगळं वाढलं असतं. मग खरं काय ते कसं कळणार?" बोलणं बरोबर होतं. पण मला आठवतं, हे सांगताना त्यांनी पर्सची चेन दोन-तीनदा उघडली आणि लावली.

मागच्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात त्यांना ताप आला. साधाच, सर्दी-खोकल्याचा. आठवडाभर घरात पडून होत्या. सकाळ-संध्याकाळ स्वतःच उठून पेज करायची, खायची, झोपायचं. ताप उतरला त्या सकाळी त्यांनी बऱ्याच दिवसांनी चहा ठेवला. आलं ठेचून घातलं. कप तोंडाला लावला आणि त्यांना वाटलं, चुकून नुसतं गरम पाणीच ओतलं की काय. पातेल्यात बघितलं. चहाच होता. आल्याचा तुकडा चावून बघितला. जिभेला चुरचुरलं, पण ते आलं नव्हतं, दुसरं काहीही असू शकलं असतं. मग त्यांनी मसाल्याचा डबा काढला आणि ओट्याशी उभ्या राहून एकेक वाटी नाकाशी धरली. हळद, जिरं, धणे, हिंग. हिंगाचासुद्धा वास आला नाही.

खोपोलीतले डॉक्टर म्हणाले, "व्हायरलनंतर होतं असं. येईल हळूहळू." किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता येईना.

ललिताताईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. "सांगायला कुणी तरी विचारावं लागतं," त्या म्हणाल्या. त्या हे बोलल्या तेव्हा मी मान खाली घातली. त्या महिन्यांत मी त्यांना पंधरा-वीस वेळा तरी फोन केला असेल, पण प्रत्येक वेळी 'मजकूर कधी पाठवताय' एवढंच विचारायला.

रविवार थांबवले असते तर त्यांच्या आठवड्यात काय उरलं असतं, हा प्रश्न होता. म्हणून त्या जात राहिल्या. पहिल्यांदा गेल्या त्या पोपटी खायला. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडकं जाळात ठेवून भाजतात, ती पोपटी. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबतात. रानटी झुडूप आहे ते, पण पोपटीचा सगळा जीव त्याच्या वासात. चौकच्या अलीकडे एक शेतकरी हंगामात दुपारी पोपट्या लावतो आणि लोकांना बांधावर बसवून खायला घालतो. ललिताताई तिथे बसल्या. त्यांनी लिहिलं: "मडकं उपडं केलं की आधी वाफ येते, मग राख, मग शेंगा. शेंगेला हात लावावा तर चटका बसतो, न लावावा तर धीर निघत नाही. सोलताना दाणा बोटातून सटकतो आणि जो सटकतो तोच सगळ्यांत मोठा असतो."

मी मजकूर वाचला आणि त्यांना कळवलं, फार सुंदर. खरंच सुंदर होता.

त्या अंकानंतर चौकहून आबाजी म्हणून एका ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांचं पोस्टकार्ड आलं. ते दर दोन-तीन अंकांनी काही ना काही चूक काढायचेच. "तुमच्या गिऱ्हाइकानं पोपटीवर लिहिलं आणि भांबुर्ड्याचं नावही नाही! नवरीला न बघताच लग्नाहून परत आला काय?" मी हसलो आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

आज त्यानंतरच्या पाच महिन्यांचे अंक काढून बघितले, तर सगळं स्पष्ट दिसतं. कुरकुरीत, मऊ, लुसलुशीत, गरम, कढत. भाकरी थापण्याचा आवाज, तेलात वडा सोडल्यावर येणारे बुडबुडे. रस्सा ताटात कसा पसरतो, त्यावर तवंगाची कडा कशी धरते. पण आंबट नाही, खारट नाही, खमंग नाही. वास तर एकाही ओळीत नाही. मी दर मंगळवारी ते वाचत होतो, शुद्धलेखन तपासत होतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट बदलली. इतकी वर्षं त्या कोपरा धरून, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आता त्या माणसांच्या जवळचं टेबल घेऊ लागल्या. स्वतःला काही कळत नाही, तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून तरी कळेल म्हणून. फॅमिलीच्या पडद्याआड बसायला नकार देऊ लागल्या. पहिले काही आठवडे नुसतं बघितलं. मग एकदा चौकला शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या टेंपोवाल्याला त्यांनी विचारलंच.

"कसा झालाय हो मसूर?"

तो दचकला. "मस्त हाय की."

"मस्त म्हणजे कसा?"

त्यानं घास तोंडातच ठेवून थोडा विचार केला. "आमच्या मंडळी करतात तसा नाय. पन त्या गावाला हायत. मंग मस्तच म्हनायचा."

हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं सदरात घातलं. वाचकांना फार आवडलं. मग त्या दर वेळी कुणाला ना कुणाला विचारू लागल्या. लोक चांगलं सांगायचे, हसायचे, आपलं जेवण संपवून निघून जायचे. ललिताताई आपल्या ताटातलं ओल्या कागदासारखं लागणारं अन्न शेवटच्या घासापर्यंत संपवायच्या, कारण ताटात टाकलं तर मालकाला वाईट वाटेल.

मेच्या अखेरीस त्या कर्जतजवळच्या कोंडाण्याला गेल्या. लेणी बघायला जाणाऱ्यांसाठी पायथ्याच्या वाडीत ठकी नावाची एक ठाकर बाई जेवण करून देते. कुडाच्या भिंतींची पडवी, शेणानं सारवलेली जमीन, बसायला घोंगड्या. त्या दिवसांत रानात शेवळं नावाची रानभाजी येते. शेवळाची भाजी जाणत्या माणसाशिवाय साधत नाही, नाहीतर घसा खवखवतो. आणि ठकीचा हात त्यात पक्का असं कर्जतमध्ये सगळे सांगत. ललिताताई दुपारी पोचल्या. ठकी पाणी आणायला गेली होती. सुनेनं ताट वाढलं.

ललिताताईंनी अर्ध्याहून जास्त भाजी भाकरीबरोबर खाल्ली, तेवढ्यात ठकी डोक्यावरचा हंडा उतरवत पडवीत आली. हंडा खाली ठेवण्याआधीच तिनं नाक वर केलं.

"ह्ये काय वाडलंस गं?" ती सुनेवर ओरडली. मग वाकून तिनं सरळ ललिताताईंच्या समोरचं ताट उचललं. "कालची हाय ही. खोबरं विटलंय. आंबूस घान मारतीया पार दारापतूर! बाय, तू खाल्लीस कशी?"

"मला… सर्दी झालीय," ललिताताई म्हणाल्या.

ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. "सर्दीवानी तर दिसत नाय तू. येकदाबी नाक वढलं नायस." ती समोर उकिडवी बसली. "वास येत नाय का तुला?"

"नाही."

"चव?"

"नाही."

"कदीपासून?"

ललिताताईंनी बोटांवर मोजलं नाही, त्यांना पाठच होतं. "पाच महिने."

ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारली, ती कोंडाण्याच्या वाडीत, आयुष्यात प्रथमच भेटलेल्या बाईसमोर. त्यांना वाटलं होतं, आपण सांगितलं तर रडू येईल. आलं नाही. फक्त घरी जाऊ नये असं वाटलं.

ठकीनं अरेरे केलं नाही. तिनं सुनेला ताजी भाकरी टाकायला लावली, गुळाचा खडा दिला, कोकमाचं पाणी दिलं, पोट बिघडू नये म्हणून. मग म्हणाली, "घरात कोन हाय तुज्या?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"मंग बाय, आसं येकटीनं कायबी खात फिरू नको. इटकं-नासकं प्वाटात जाईल. कुनाला तरी आदी चाखाय लाव, मंग तू खा. कुनी नाय भेटलं तर हितं ये. मी चाखीन."

परतीच्या वाटेवर रिक्षात बसल्यावर ललिताताईंना गॅस आठवला. पाच महिने त्या घरात एकट्या राहत होत्या, रोज शेगडी पेटवत होत्या, आणि गॅस सुटला असता तर तो त्यांना कळला नसता. जिना चढून त्या घराशी आल्या. शेजारच्या दाराची बेल वाजवून "जरा आत येऊन वास बघाल का?" असं विचारायचं त्यांच्या मनात आलं. त्या दारात पंधरा वर्षांत त्या दिवाळीचं ताट द्यायलाच तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बेल वाजवली नाही. सिलिंडरचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि दुसऱ्या दिवशी विजेवरची शेगडी आणली.

त्या मंगळवारी त्यांनी फोटो पाठवला नाही. स्वतः छापखान्यात आल्या. मी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होतो. त्यांनी पान माझ्यासमोर ठेवलं आणि त्या बसल्या नाहीत.

"गेले पाच महिने मी तुम्हाला चव सांगितलेली नाही," पहिली ओळ होती. "कारण ती मला कळत नाही. डिसेंबरच्या तापात माझं नाक आणि जीभ दोन्ही गेली. मी जे लिहिलं ते डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरी गोष्ट सांगायची राहिली. माझ्यावर विसंबून जी माणसं जेवायला गेली, त्यांची मी माफी मागते." पुढे कोंडाण्याची हकिगत होती, ठकीचं नाव घातलं नव्हतं, तिच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून.

मी दोनदा वाचलं. "हे छापायची गरज आहे का?" मी म्हटलं. "कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तुमच्यासुद्धा नाही आलं."

छापलं. अंक गेल्यावर फोन सुरू झाले. एका ढाबेवाल्यानं मला सुनावलं, मग माझ्या मिसळीचं कौतुक काय आंधळेपणानं केलं होतं काय? त्यानं कात्रण काढून टाकलं. बाकीच्यांनी उपाय सांगितले. ओव्याची धुरी, कापराची पुरचुंडी, लसणाचं तेल. आबाजींनी चौकहून पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर एवढंच: "माझे शब्द मागे घेतो. प्रकृतीला जपा." ते मी ललिताताईंना नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं.

पुढच्या रविवारी त्या शिळफाट्यावर गेल्या. पोशाशेठनं पाणी ठेवता ठेवता विषय काढला. "ताई, वाचलंत काय? ती पेपरवाली बाई हाय म्हनं, बाप्या नाय. आनि बिचारीची चवच गेली."

"पोशाशेठ, ती मीच."

तो हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. त्यानं भिंतीवरच्या कात्रणाकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं, आत गेला आणि चटणी-भाकरीचं ताट घेऊन आला. ते त्यांच्यापुढे ठेवून तो समोरच्या खुर्चीवर बसला. ललिताताई मला म्हणाल्या, की इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलाच्या समोरच्या खुर्चीवर कुणी बसलेलं त्यांना आठवत नाही. पोशाशेठनं ताटातला एक तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला.

"मीठ कमी हाय आज," तो म्हणाला. "कांदा जरा जास्तच परतला आतल्या बाईनं, म्हनून ग्वाड लागतंय. बाकी जवळा ताजा हाय. खावा आता."

त्यांनी खाल्लं. तेव्हाही चव लागली नाही. पण आपण काय खातोय हे त्यांना माहीत होतं.

असं रोज होत नाही. पोशाशेठला धंदा आहे, कोंडाणं लांब आहे. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. एकदा खालापूरला, एकदा पळसदरीच्या बाजूला. चाखायचं आणि सांगायचं, एवढंच काम. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा लग्नसराई होती आणि मशीन बिघडलं होतं. "या वेळी नाही जमणार हो," मी म्हटलं. "काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

पनवेलच्या एका डॉक्टरांनी त्यांना रोजचा अभ्यास दिला आहे. सकाळी चार डब्या उघडून एकेक हुंगायची: लवंग, लिंबाची साल, कापूर, कॉफी. डोळे मिटून तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. वर्ष झालं त्याला. थोडं परत आलं, पण भलतंच. कांदा परतला की जळक्या रबराचा वास येतो. कॉफी तर त्यांना समोर नको असते. आंबट आणि खारट कळतं, गोड अधूनमधून. बाकीचं येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, येणार नाही असंही म्हणत नाहीत. सदर आता महिन्यातून एकदा येतं. तेही त्यांनी बंद करायचं ठरवलं होतं. मीच नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी कडावच्या रूपाली नावाच्या बाईच्या घरगुती जेवणावर मजकूर पाठवला. चवळीची उसळ. दाणा कसा अख्खा राहिलाय, वर खोबरं कसं पडलंय, शेवटी लिंबू पिळलंय ते त्यांना स्वतःला कळलं, हे सगळं लिहिलं होतं. मध्ये चार ओळींची जागा कोरी होती आणि तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "संतोषभाऊ, इथे तुम्ही."

बुधवारी दुपारी मी मोटरसायकल काढून कडावला गेलो. उसळ खाल्ली, भात खाल्ला, पुन्हा उसळ मागून घेतली. परत येऊन चार ओळी लिहायला बसलो आणि तासभर काही सुचेना. शेवटी त्यांना फोन केला.

"मला नाही येत हो लिहिता. चांगली होती एवढंच कळतंय."

"खाताना काय वाटलं?"

"काही नाही. भूक लागली होती. बरं वाटलं."

त्या हसल्या. "मग तेच लिहा."

तेच छापलं आहे. फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, रविवारी पुन्हा कडावला जाणार आहे, रूपालीनं वालाचं बिरडं करून ठेवते म्हणून सांगितलंय. मी "अरे वा" म्हटलं. मीही येतो म्हणायला हवं होतं, ते मला त्यांनी फोन ठेवल्यावर सुचलं.